मातीत गाडलेलं तणाचं बी आणि आपली मशागत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की गावोगाव एकच तक्रार सुरू होते, एवढी खुरपणी केली, एवढं फवारलं, तरी रान परत हिरवंगार. आपण सगळे वर दिसणाऱ्या तणाशी भांडतो आणि खाली मातीत पडलेल्या बियाकडे कुणी बघत नाही. खालचे प्रश्न त्या बियाबद्दलचे आहेत, म्हणजे नांगर, रोटाव्हेटर, शेणखत, हार्वेस्टर, पिकाची फेरपालट या सगळ्यानं त्याचं काय होतं. काही उत्तरं लांबली आहेत, पण विषयच तसा आहे.

गेल्या वर्षी रान साफ ठेवलं होतं, मग यंदा एवढं तण आलं कुठून?

खालून आलं. बहुतेक तण हे त्या वर्षी बाहेरून आलेलं नसतं, ते आधीच्या कित्येक वर्षांत पडून मातीत जमा झालेल्या बियातून येतं. यालाच तणबियाण्याची बँक म्हणतात आणि नाव एकदम बरोबर आहे, कारण दर वर्षी त्यातली थोडीच रक्कम बाहेर निघते, म्हणजे थोडंच बी उगवतं, बाकीचं झोपून राहतं. तुम्ही जे खुरपलं ते फक्त उगवलेलं होतं.

आकडा बघायचा तर एका चौरस मीटरला हजार जिवंत बिया ही काही अचाट गोष्ट नाही, शेतजमिनीत यापेक्षा कितीतरी जास्तही सापडतात. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात, म्हणजे हिशेब चाळीस लाखांवर जातो. एका खुरपणीनं हे संपणार कसं?

बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं?

जातीवर आहे, आणि किती खोल पडलंय त्याच्यावर आहे.

याबद्दलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील नावाच्या प्राध्यापकानं १८७९ साली सुरू केला. त्यानं २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया वाळूत मिसळून बाटल्यांत भरल्या, अशा २० बाटल्या जमिनीत पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक उकरून बी उगवतंय का बघायचं असं ठरवलं. तो माणूस कधीच गेला पण प्रयोग अजून चालू आहे. २०२१ मध्ये एक बाटली काढली तर १४२ वर्षांनंतरही एका जातीच्या बिया उगवल्या! मात्र २१ पैकी बाकीच्या सगळ्या जाती तोपर्यंत मेल्या होत्या हेही लक्षात ठेवा, नाहीतर माणूस उगाच हातपाय गाळून बसतो.

आपल्याकडे ढोबळमानानं असं धरा की गवतवर्गीय तणांचं बी कमी टिकतं, दोन-तीन-चार वर्षांत बरंचसं संपतं, आणि रुंद पानाची माठ, चंदनबटवा (म्हणजे रानातला चाकवतच), चांदवेल ही मंडळी चिवट, कारण त्यांचं कवच कडक असतं. चांदवेलीचं बी वीस वर्षांनंतरही उगवू शकतं.

पण कमाल आयुष्य वेगळं आणि सरासरी वेगळी. समजा नवीन बी पडूच दिलं नाही आणि दर वर्षी जमिनीतलं निम्मं बी उगवून, कुजून किंवा किड्यामुंग्यांनी खाऊन कमी झालं, तर हजाराचे ५००, मग २५०, १२५, ६२, आणि पाचव्या वर्षी ३१ उरतात. सातव्या वर्षी शंभरात एकसुद्धा नाही. सगळ्या तणांना हाच दर लागू होत नाही, चिवट जाती हळू कमी होतात, पण दिशा हीच.

शेवटी शेवटी राहिलेली दोन-चार झाडं सोडली तर काय बिघडतं? उत्पन्नात तर फरक पडत नाही.

इथेच सगळं बिघडतं.

सोयाबीनला पहिले तीस-पंचेचाळीस दिवस तण सांभाळलं की उत्पन्न वाचतं, हे खरं आहे आणि सगळे तेच सांगतात. त्यानंतर पीक दाटतं, आत शिरता येत नाही, मजूर मिळत नाही, मग मधून मधून वर डोकं काढलेले माठ, कुर्डू, दुधी तसेच राहतात. यंदाच्या पिकाला त्यांनी काही धक्का लागत नाही हे कबूल, पण माठाचं एक दांडगं झाड लाखभर बी टाकू शकतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेवढ्यात एकच झाड पिकलं आणि त्याचं बी सगळीकडे सारखं पसरलं असं धरलं, तर चौरस मीटरला हजार बिया झाल्या. वर जो सात वर्षांचा हिशेब केला तो एका झाडानं पुसून टाकला.

म्हणून काढणीच्या आधी एकदा विळा घेऊन रानातून फिरायचं आणि वर आलेली झाडं फुलाच्या आत कापायची. या एका कामाची मजुरी मला सगळ्या तणनाशकांपेक्षा स्वस्त वाटते, पण नेमकं हेच काम कुणी करत नाही, कारण त्याचा फायदा यंदा दिसत नाही. आणि कापलेलं रानातच टाकू नका. घोळ तर उपटून बांधावर फेकली तरी तिच्या मांसल खोडात ओल राहते, बोंडं तिथंच पिकतात, आणि पाऊस आला तर ती पुन्हा मूळसुद्धा धरते.

खोल नांगरट केली की बी खाली गाडलं जातं. मग ते मरतंच ना?

काही मरतं, बरंचसं झोपतं.

बारीक बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच जोरात उगवतं. माठाचं किंवा घोळीचं बी बघा, मोहरीपेक्षाही बारीक, त्याच्यात अंकुराला सहा इंच वर ढकलेल एवढी शिदोरीच नसते. त्यामुळे पलटी नांगरानं ते वीतभर खाली गेलं तर त्या वर्षी ते वर येणार नाही. म्हणून नांगरलेल्या रानात पहिल्या वर्षी तण कमी दिसतं आणि माणूस खूश होतो.

पण खाली काय चाललंय? तिथं उजेड नाही, तापमान वर-खाली होत नाही, हवा कमी, पाखरं नाहीत, मुंग्या कमी. बी मरायला कारणच नाही. उलट वरच्या थरात पडलेलं बी ऊन, ओल, पाखरं, उंदीर, किडे यांच्या तावडीत सापडतं आणि लवकर संपतं. म्हणजे आपण बी पुरतो तेव्हा बऱ्याच वेळा त्याला जपून ठेवतो. गाजर गवताचं असंच आहे, वर पडलेलं बी काही महिन्यांत दम सोडतं आणि पाच सेंटिमीटर खाली पुरलेलं दोन वर्षांनंतरही बहुतांश जिवंत सापडतं.

मग पुढच्या वर्षी तुम्ही परत तेवढाच खोल नांगर घातला की गेल्या वर्षी पुरलेलं बी वर, आणि वरचं नवीन खाली. दर वर्षी खोल नांगरट करणाऱ्याचं रान असंच फिरत राहतं आणि तणाची तक्रार कधी मिटत नाही.

माझं मत विचाराल तर असं : एखाद्या वर्षी तण हाताबाहेर गेलं, जमिनीवर बियांचा सडा पडला, तर एकदा पलटी नांगरानं व्यवस्थित खोल गाडा आणि पुढची तीन-चार वर्षं त्या खोलीला हातच लावू नका, फक्त वरवरची वखरपाळी करा. तेवढ्यात गवतवर्गीय बी तरी खालीच बरंचसं संपून जातं.

मशागत केल्यावर लगेच तण का उगवतं? जणू वाटच बघत होतं.

वाटच बघत होतं. बऱ्याच तणांच्या बियांना उगवायला उजेडाचा इशारा लागतो, आणि तोही किती, तर माती उलटताना क्षणभर पडलेला उजेड पुरतो, मग ते परत मातीखाली गेलं तरी चालतं. बियात उजेड ओळखणारं एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम, ते ही खूण धरतं. शिवाय मशागतीनं हवा खेळते, नत्र मोकळं होतं, माती तापते, हे सगळे इशारे बियाला एकाच वेळी मिळतात.

याच्यावरून परदेशात रात्री अंधारात मशागत करून बघितलीय. काही जातींचं उगवणं कमी झालं, काहींना काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे शेतीची लाईट रात्रीची येते तेव्हा जागरण तसंही होतंच, पण त्यासाठी मुद्दाम रात्री ट्रॅक्टर चालवायला मी सांगणार नाही.

मग उन्हाळी नांगरट बंदच करायची का?

नाही. हरळी, लव्हाळा, कुंदा असेल तर उन्हाळी नांगरट लागतेच. पण ती बियासाठी नाही, ती मुळ्या, काश्या (म्हणजे जमिनीखाली पसरलेली खोडं) आणि गाठींसाठी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ढेकळं उलटी पडली की त्यातल्या काश्या वाळून मरतात, लव्हाळ्याच्या गाठी वर आल्या तर सुकतात. काळ्या रानातला कुंदा ज्यानं खणलाय त्याला विचारा, तो खोल गेल्याशिवाय निघतच नाही. तेव्हा आधी बघायचं की आपल्या रानात मुख्य दुखणं कुठलं, बियाचं का मुळीचं. बियाचं असेल तर दर वर्षी खोल नांगर घालून डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

आणि काळ्या भारी जमिनीची एक गंमत आहे, ती स्वतःच स्वतःला नांगरते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं बी वारा-वावटळीनं त्या भेगांत पडतं, पाऊस आला की भेगा मिटतात आणि बी आपोआप खोल जाऊन बसतं. त्यामुळे मुरमाड रानापेक्षा काळ्या रानात खालची शिल्लक जरा जास्त धरूनच चाला.

रोटाव्हेटरनं माती भुसभुशीत होते, तण पण बारीक होतं. चांगलंच की?

वार्षिक तण, आणि तेही फुलाआधी असेल, तर चांगलं. बाकी दोन वेळा फार महागात पडतं.

एक, रानात हरळी असताना. रोटाव्हेटर तिचे बोटाएवढे तुकडे करतो आणि सगळ्या रानात वाटतो, ज्या तुकड्याला डोळा आहे तो प्रत्येक तुकडा नवीन रोप. वरून ओल मिळाली की महिन्याभरात एका कोपऱ्यातली हरळी पूर्ण वावरात.

दुसरं, बी पिकलेल्या तणावर फिरवला तर. रोटाव्हेटर चार-पाच इंचाच्या पुढे जात नाही, म्हणजे सगळं बी बरोबर वरच्या थरात कालवलं जातं, जिथून ते पुढची दोन-तीन वर्षं हप्त्याहप्त्यानं उगवत राहतं. बी खोल पण गेलं नाही आणि किड्यामुंग्यांना खायला उघड्यावर पण राहिलं नाही.

विना नांगरणी, झिरो टिलेज, एसआरटी यात तण वाढतं असं ऐकलंय. खरं का?

सुरुवातीला वाढल्यासारखं वाटतं, हो. नांगर बंद केला की नवीन पडलेलं सगळं बी वरच्या थरातच साठतं आणि पहिली दोन-तीन वर्षं उगवणही तिथूनच दणकून होते. बरेच लोक इथेच घाबरून परत नांगराकडे वळतात, आणि वळले की मधल्या वर्षांचं सगळं बी एका झटक्यात खाली पुरतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

पण त्या दोन-तीन वर्षांत तण फुलू दिलं नाही तर वरचा थर रिकामा होत जातो, आणि खालचं जुनं बी कुणी ढवळत नाही म्हणून ते वर येत नाही. वर पडलेलं बी मुंग्या आणि भुंगेरे किती नेतात हे बघायचं असेल तर मळणीनंतर वारुळाच्या तोंडाशी बसा, बियांच्या टरफलांचा ढीग लागलेला असतो. नांगरटीत वारुळंही मोडतात हे आपण धरतच नाही.

नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी जी सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, आणली त्यात कायमचे गादीवाफे असतात, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात. माती हलवायची नाही हे त्याचं मूळ सूत्र. यात तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो ही टीका होते आणि ती अगदीच चुकीची नाही, कारण चिखलणी आणि उभं पाणी हे भातातलं सगळ्यात जुनं तणनियंत्रण आहे, ऑक्सिजन नसेल तर बरंच बी उगवतच नाही. ते काढलं की त्या जागी काहीतरी ठेवावं लागणारच.

हरियाणा-पंजाबातलं उदाहरण याच्यापेक्षा बोलकं आहे. तिथं भातानंतरच्या गव्हात गुल्ली डंडा नावाचं तण माजलं, दिसायला हुबेहूब गव्हासारखं. आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं मारून मारून १९९०च्या दशकात ते औषधाला दाद देईना. त्या वेळी झिरो टिलेजनं गहू पेरणाऱ्यांच्या रानात ते कमी उगवताना दिसलं, कारण माती हलली नाही आणि पेरणीही लवकर झाली, गव्हानं आधी जागा धरली. तिथला झिरो टिलेजचा प्रसार या तणानंच केला म्हटलं तरी चालेल.

हरळी-लव्हाळा असलेल्या रानात मात्र आधी त्यांचा बंदोबस्त करा, मग नांगर सोडा. बारमाही तणाला विना नांगरणी मानवते.

पेरणीआधी तण मुद्दाम उगवू द्यायचं म्हणतात, ते कसं?

बी बाहेर काढायचा सगळ्यात बिनखर्चाचा रस्ता. वळवाचा पाऊस झाला, किंवा पाणी असेल तर एक हलकं पाणी दिलं, की पेरणीसाठी रान तयार करून ठेवायचं आणि पेरायचं नाही. दहा-बारा दिवसांत तणाची पोपटी लव येते, दोन पानांवर असताना वखराची पाळी घालायची आणि मग पेरायचं. जमलं तर असं दोनदा.

यात अट एकच, ती पाळी उथळ पाहिजे, एक-दीड इंच. लोक काय करतात, तण दिसलं की त्वेषानं कल्टिव्हेटर घालतात, खालची माती वर येते, नवीन बी उजेडात येतं, आणि सगळं मुसळ केरात.

कोरडवाहूला हे नेहमी जमत नाही हेही सांगतो. मृगाचा पाऊस चांगला झाला, वाफसा आलाय, आणि मी तुम्हाला म्हणालो की पंधरा दिवस थांबा, तर तुम्ही मला वेड्यात काढाल आणि ते बरोबरच असेल. पेरणी लांबली की त्याचं नुकसान तणापेक्षा जास्त होतं. पण रब्बीला, कांद्याच्या वाफ्यांना, भाजीपाल्याला, बागायती गव्हाला हे नक्की जमतं. कांद्यात तर खुरपणीचा खर्च बघता नाही केलं तर नवल.

तणनाशकानं मातीतलं बी मरतं का?

झोपलेलं बी मरत नाही. पेंडीमेथालिन किंवा अ‍ॅट्राझिनसारखी पेरणीनंतर लगेच मारायची औषधं उगवत्या अंकुराला पकडतात, आणि ग्लायफोसेट तर हिरव्या पानावरच चालतं, मातीला लागलं की तिथंच चिकटून निकामी होतं. ज्या बियानं त्या वर्षी उगवायचंच नाही असं ठरवलंय त्याला कशाचाच फरक पडत नाही.

शिवाय दर वर्षी एकच औषध मारलं की बँकेतला माल बदलत जातो. सोयाबीनमध्ये तेच तेच औषध मारलेल्या रानात दोन-चार वर्षांनी बघा, जे मरतं ते गेलेलं असतं आणि जे मरत नाही त्याचंच राज्य असतं, बऱ्याच ठिकाणी तो केना निघतो.

हा केना एवढा का छळतो?

कारण त्याचं बी दोन मजल्यांवर तयार होतं. वर निळी फुलं दिसतात त्यांचं एक बी, आणि जमिनीखाली खोडाला पांढरट फुटवे असतात त्यांना न उमलणारी फुलं येतात, त्यांचं दुसरं. एक झाड हळूच माती सोडवून उपटून बघा, मुळांजवळ ते फुटवे दिसतील. वरून कापलं तरी खाली बी तयारच. आणि कोळप्यानं तुकडे झाले की ओल्या मातीत प्रत्येक पेराला मूळ फुटतं. त्यामुळे केन्याला लहानपणीच, कडक उन्हाच्या दिवशी खुरपायचं आणि गोळा करून रानाबाहेर काढायचं, झिमझिम पावसात कोळपणी केली तर तुम्ही त्याची लावणीच करताय.

शेणखतातून तण येतं का?

कच्च्या खतातून येतं, आणि भरपूर येतं. जनावरानं खाल्लेलं सगळं बी पचत नाही, कडक कवचाचं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं, कोंबडीच्या पोटात मात्र बरंचसं दळलं जातं. त्यात आपण गोठ्यातलं उष्टं गवत, खुरपलेलं तण, कडब्याचा कचरा सगळं उकिरड्यावरच टाकतो.

ढीग नीट तापला, आत ५५-६० अंशांपर्यंत गेला आणि काही दिवस तसा राहिला, तर बहुतेक बी मरतं. पण तापतो तो मधला भाग, कडेचा नाही, म्हणून ढीग दोन-तीनदा उलटावा लागतो आणि ओल ठेवावी लागते. आपला उकिरडा वर्षभर वाळत पडलेला असतो, तो तापणार कधी. घालायच्या आधी हात खुपसून बघा, शेणाचा वास आणि काड्या ओळखू येत असतील तर ते खत अजून झालेलं नाही.

गांडूळखताबद्दल एक सांगायचं राहतं. गांडुळं जगावीत म्हणून ते थंडच ठेवतात, त्यामुळे त्यात बी मरायला पाहिजे तेवढी उष्णता होतच नाही. आधी कचरा तापवून मग गांडुळं सोडली असतील तर ठीक. बायोगॅसच्या स्लरीत बियाची उगवण बरीच कमी झालेली असते.

मेंढ्या बसवत असाल तर मेंढ्या आदल्या दिवशी कुठल्या माळावर चरल्या तेवढं विचारा. खत उत्तमच, पण पोटातलं आणि लोकरीत अडकलेलं बी पण तुमच्याच रानात उतरतं. लेंडीसाठी मी मेंढ्या बसवणं बंद करा म्हणणार नाही.

हार्वेस्टरनं तण पसरतं हे खरं का?

हो. हार्वेस्टर गावोगाव, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत येतो, आत अडकलेलं बी घेऊन येतो आणि मागून भुसा फेकताना तुमच्याच रानातलं बी एका कोपऱ्यातून सगळीकडे नेतो. ऑस्ट्रेलियात राय गवत औषधांना दाद देईना म्हणून रे हॅरिंग्टन नावाच्या शेतकऱ्यानं हार्वेस्टरमागे भुसा आणि त्यातलं बी भरडणारं यंत्रच बनवलं. आपल्याकडे ते नाही, पण हार्वेस्टरवाल्याला रानात शिरायच्या आधी मशीन झाडून घ्यायला सांगणं तरी हातात आहे. मळणी यंत्राचा भुसा खळ्यातच ठेवा, तो पसरून देऊ नका. घरचं सोयाबीन किंवा हरभरा बियाणं म्हणून ठेवताना चाळणी मारा, नाहीतर पेरणी यंत्रातून तणपण ओळीत पेरलं जातं.

पीक बदललं तर मातीतल्या बियाला काय कळतं?

त्याला लगेच कळत नाही, पण उगवल्यावर कळतं. वर्षानुवर्षं सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा केलं की त्याच वेळेला उगवणारं, त्याच औषधाला न मरणारं, त्याच काढणीच्या आधी बी टाकणारं तण निवडून निवडून आपणच वाढवतो. मधे ज्वारी-मका आला, चाऱ्याचं कडवळ आलं जे तण बी टाकायच्या आधीच कापलं जातं, किंवा ताग-धैंचा आला जो दाट सावली धरतो, की त्यांची वेळ चुकते. घासाचं बियाणं मात्र बघून घ्या, त्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं निघतं आणि ते एकदा आलं की घास मोडल्याशिवाय जात नाही.

फेरपालटीचा सगळ्यात नवलाचा प्रकार टारफुल्यात बघायला मिळतो. ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण, बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत दहा वर्षंसुद्धा सहज टिकतं. पण ते नुसत्या ओलीवर उगवत नाही. ज्वारीच्या मुळांतून जो रस पाझरतो त्याची चाहूल लागल्यावरच ते जागं होतं, कारण जवळ मूळ नसेल तर ते जगणारच नाही. आता गंमत अशी की कपाशीच्या मुळांतूनही तसाच इशारा जातो. हा इशारा देणारं द्रव्य, स्ट्रायगॉल, शास्त्रज्ञांना १९६६ मध्ये पहिल्यांदा कपाशीच्याच मुळांच्या स्रावात सापडलं. टारफुल्याचं बी कपाशीजवळ फसून उगवतं, मुळाला चिकटायला जातं, चिकटता येत नाही, आणि मरतं. म्हणजे ज्वारीच्या रानात कपाशी घेतली की कुणी हात न लावता खालची शिल्लक कमी होत जाते.

पाचट किंवा काडीकचरा जाळला तर बी मरतं ना?

वरवरचं मरतं. आग वरून जाते, मातीत दोन-चार सेंटिमीटरच्या खाली फारशी धग पोचत नाही, आणि आपलं बी तिथंच असतं. कोकणात राब भाजतात त्याचा एक उद्देश रोपवाटिकेतलं वरचं तणबी मारायचा असतो, आणि ते तिथं जमतं कारण जागा लहान, थर जाड आणि जाळ सावकाश. चार एकर उसाचं पाचट पंधरा मिनिटांत पेटून जातं, त्यात बी कमी आणि मातीवरचे किडे-मुंग्या जास्त मरतात. तेच पाचट सरीत दाबून ठेवलं तर उजेड अडतो आणि बारीक बी उगवूनही वर येत नाही. पाचटाचा थर विरळ नको, मधून माती दिसली की तिथून तण येणारच.

प्लॅस्टिक अंथरून माती तापवणं कितपत खरं?

रोपवाटिकेसाठी खरं, वावरासाठी परवडत नाही. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचं, कडा मातीनं घट्ट बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे हलवायचं नाही. काळं नको, पारदर्शकच, कारण ऊन आत शिरलं पाहिजे. कोरड्या मातीवर केलं तर निम्मा फायदा जातो, ओल्या मातीत उष्णता खाली पोचते आणि भिजलेलं बी लवकर मरतं. लव्हाळ्याच्या गाठी याला बधत नाहीत. नंतर वाफा परत खोदू नका, तापली आहे ती वरचीच माती.

माझ्या रानात किती बी आहे हे घरी कळू शकतं का?

अगदी. उन्हाळ्याच्या शेवटी रानात वेड्यावाकड्या दहा जागा निवडा, बांधाजवळची सोडून. प्रत्येक ठिकाणी दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि दहा सेंटिमीटर खोल माती काढा. सगळी मिळून साधारण दहा लिटर माती होते. ढेकळं फोडा, रोपांच्या ट्रेमध्ये किंवा घमेल्यांमध्ये दोनेक सेंटिमीटरचा थर पसरा, अर्धवट सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. जे उगवेल ते मोजून उपटत जा. तीन-चार आठवड्यांनी उगवणं थांबलं की माती वाळवा, हातानं ढवळा आणि परत भिजवा, दुसरी फळी उगवेल.

दहा चौकोन म्हणजे ०.१ चौरस मीटर, म्हणून एकूण आकड्याला दहानं गुणलं की चौरस मीटरचा हिशेब मिळतो. ६० रोपं आली तर ६००. झोपलेलं बी यात येत नाही, त्यामुळे खरा आकडा याच्या वर असतो, पण दर वर्षी त्याच पद्धतीनं केलं तर वाढतंय का घटतंय हे स्वच्छ दिसतं. आणि कुठली जात जास्त आहे हे पेरणीच्या आधीच कळतं, म्हणजे औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून न घेता रान बघून घेता येतं.

गाजर गवताचं काय करायचं? ते तर बांधावरूनच येतं.

हे पुण्यात १९५५च्या सुमाराला नजरेत आलं आणि तिथून देशभर गेलं. एक झाड पंधरा-वीस हजार बी देतं, आणि उगवल्यापासून महिनाभरात फुलाला लागतं, म्हणून आठवड्याची चालढकल पण महाग. पावसाळ्यात माती ओली असताना फुलाआधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, कारण त्वचेला खाज आणि काहींना दमा होतो. १९८०च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले भुंगे आता बऱ्याच भागांत दिसतात, जुलै-ऑगस्टमध्ये पानं चाळणीसारखी करून टाकतात. ते दिसले तर तिथं फवारू नका.

शेजारी तण काढतच नाही. माझं रान साफ ठेवून उपयोग काय?

उपयोग आहे, कारण बहुतेक तणांचं बी आईच्या पायाशीच पडतं, फार तर काही मीटरवर. वाऱ्यावर लांब उडणारी मंडळी मोजकी, एकदांडी, ओसाडी, रुई अशी, ज्यांच्या बियाला पिसं असतात. शेजाऱ्याचा माठ उडून तुमच्या वावराच्या मधोमध येत नाही. तो येतो पाण्यातून, औतातून, ट्रॅक्टरच्या टायरला चिकटलेल्या चिखलातून. त्यामुळे सामाईक बांधाला लागून दोन-तीन मीटरचा पट्टा जास्त लक्ष देऊन साफ ठेवा, पाटाचं पाणी त्याच्या रानातून येत असेल तर चारीच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि दोन-चार दिवसांनी तिच्यात अडकलेला गाळ बांधावर न फेकता खड्ड्यात पुरा. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर फाळ आणि रोटाव्हेटरची पाती तुमच्या रानात उतरायच्या आधी रस्त्यावरच खरवडून घ्या, ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे.